तपासणीची रंगीत तालीम

तपासनीसबाई आता तपासनीस राहिल्या नव्हत्या, पण नाव काही सुटलं नव्हतं. उभी हयात सरकारी खात्यात गेली. वृद्धाश्रम, अनाथाश्रम, अपंगांची वसतिगृहं, जिथं जिथं सरकारी अनुदान जातं तिथं तिथं त्या जायच्या, आणि त्या येणार म्हटलं की तिथल्या फरशा आदल्या दिवशी दोनदा पुसल्या जायच्या. मग वरची खुर्ची एका वशिल्याच्या तट्टाला मिळाली. बाईंनी तडकाफडकी राजीनामा दिला, चार दिवस घरात आदळआपट केली, आणि पुढच्या महिन्यात एका सल्लागार कंपनीत रुजू झाल्या. 'त्यांना माझी किंमत नाही, तर ज्यांना आहे त्यांच्याकडे जाते,' असं त्या सगळ्यांना सांगत. किंमत होती खरी. पगार दुप्पट होता.

कंपनीचं काम म्हणजे सेवाभावी आणि सरकारी संस्थांना सल्ला देणं. 'रेडिमेड नाही, तुमच्या मापाचा सल्ला' असं तिच्या पत्रकावर छापलेलं होतं. कंपनीचा तरुण मालक बोलायला इतका मऊ की बाई मनातल्या मनात त्याला लोणी म्हणत. लोण्याच्या दुकानात सर्वांत जास्त खपणारा माल म्हणजे खोटी तपासणी. खरी सरकारी तपासणी यायच्या आधी बाईंनी गळ्यात ओळखपत्र अडकवून, हातात फाईल घेऊन संस्थेत जायचं, तसेच प्रश्न विचारायचे, तसाच चेहरा करायचा, आणि नंतर व्यवस्थापकाला बंद दाराआड सांगायचं की तुम्ही कुठं कुठं पकडले जाल. कंपनीत याला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. बाई सरळ रंगीत तालीम म्हणत.

या तालमीचा एक नियम बाईंनी स्वतः घातलेला होता. कर्मचाऱ्यांना खरं सांगायचं, पण तिथं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सांगायचं नाही. त्यांना खोटी तपासणी आहे हे कळलं की ती गमतीत घेतात, पाहुणी आल्यासारखी वागतात, आणि मग तालमीला काय अर्थ? लोण्याला ही कल्पना इतकी आवडली की त्यानं ती पत्रकातच घातली.

बाईंचे वडील शिंपी होते. ते म्हणायचे, माप घेताना प्रत्येक गिऱ्हाईक पोट आत ओढतं. घाईत टेप लावलीस तर सदरा आठवड्यात परत येतो. थांबायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, त्याचा श्वास सुटला की मग टेप लावायची. बाईंनी आख्खी नोकरी या एका गोष्टीवर केली. त्या म्हाताऱ्या माणसाजवळ जायच्या, खुर्ची सोडून बुटक्या स्टुलावर बसायच्या, चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या, त्याचा हात हातात घ्यायच्या आणि गप्प बसायच्या. थोड्या वेळानं माणूस आपसूक बोलायचं. खात्यात आलेल्या नव्या पोरींना त्या हेच शिकवायच्या. आता तेच स्टूल, तोच चष्मा आणि तोच हात लोणी विकत होता.

बस डेपोच्या मागच्या रस्त्याला एक तीनमजली वृद्धाश्रम होता. खाली ऑफिस आणि स्वयंपाकघर, वर दोन मजल्यांवर मिळून चाळीस खाटा. व्यवस्थापकाला सगळे भाऊ म्हणत. भाऊंच्या डोळ्यांखाली कायम काळी वर्तुळं आणि शर्टाच्या खिशात कायम कुणाच्या तरी गोळ्यांचं पाकीट. गेल्या तपासणीत संस्था काठावर सुटली होती. या वेळी आपटली तर अनुदान बंद, आणि अनुदान बंद तर दाराला कुलूप. म्हणून संस्थेच्या विश्वस्तांनी पदरमोड करून लोण्याची कंपनी बोलावली, आणि लोण्यानं बाईंना पाठवलं.

बाई पहिल्या दिवशी सगळीकडे फिरल्या. स्वयंपाकघर चांगलं होतं, औषधांची कपाटं कुलूपबंद होती, जिन्याचा कठडा तेवढा हलत होता. मग त्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेकडे गेल्या. तिथं जी आजी होती तिला सगळे ऑपरेटर आजी म्हणायचे. आजीनं सारी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती, आणि अजूनही कुणी समोर आलं की ती आधी 'बोला' म्हणायची.

"बोला," आजी म्हणाली.

बाई स्टुलावर बसल्या. चष्मा काढला. "इथं बरं आहे का आजी?"

"जेवण गरम मिळतं. चादर आज बदलली, तुम्ही येणार म्हणून."

बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि गप्प बसल्या. आजीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्यामुळे तिला त्यावरचं काही वाचता येत नव्हतं.

"सरकारकडून आलात ना?"

"तपासणीसाठी आलेय," बाई म्हणाल्या. शब्द खोटा नव्हता. बाईंना खोटं बोलायची सवय नव्हतीच. असली उत्तरं देण्यात मात्र हल्ली त्यांचा हात बसला होता.

"मग लिहून घ्या," आजी म्हणाली. "ही घंटीची दोरी दिसतेय ना? आज खाली सोडलीय. रोज रात्री वर खिळ्याला गुंडाळून ठेवतात. मी फार वेळा वाजवते म्हणून."

"का वाजवता?"

"या वयात माणूस रात्री कशाला बोलावतं? पाय चालत नाहीत, बाथरूमला न्यायला कुणीतरी लागतं." आजी जराही आवाज न चढवता बोलत होती. "काठी उशाशी ठेवते. काठीच्या मुठीनं दोरी ओढायला बघते. एखाद्या रात्री जमतं. नाही जमलं तर सकाळपर्यंत ओल्यात पडायचं, आणि सकाळी बोलणी खायची, गादी भिजवली म्हणून. बाई, रात्री-अपरात्री लोक फोन करायचे. कुणाच्या घरी मयत, कुणाला डॉक्टर हवा. एक घंटी कधी वाजत ठेवली नाही मी. जेवत असले तरी खरकट्या हातानं उचललीय. आणि आता माझी घंटी वाजूच नये म्हणून दोरी बांधतात."

इतकं बोलून ती थांबली. श्वास सुटला होता. खोटं कशाला सांगा, बाईंना खरंच वाईट वाटलं. ज्याला वाईटच वाटत नाही त्याचं काम सोपं असतं.

"मी बघते," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की. तुमचं नाव कुठं येऊ देणार नाही."

"येऊ द्या की," आजी म्हणाली. "मला आता कोण कुठून काढणार आहे?"

खाली ऑफिसात बाईंनी भाऊंना असं फैलावर घेतलं की बाहेर भाजी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. जुने दिवस असते तर त्यांनी तिथल्या तिथं अहवाल लिहिला असता आणि भाऊंच्या नोकरीचे बारा वाजवले असते. पण करारात स्पष्ट होतं की जे सापडेल ते गिऱ्हाइकालाच सांगायचं, बाहेर अवाक्षर नाही. वैद्याकडे गेलेल्याचा रोग वैद्य गावभर करत नाही, असं लोणी त्याचं समर्थन करायचा. बोलायला उत्तम. पण इथं रोग आजीला होता आणि वैद्य भाऊंचा होता, हे तो सांगायचा नाही.

भाऊंनी मान खाली घालून सगळं ऐकलं. "रात्रीला एकच आया आहे," ते म्हणाले. "दोन मजले, चाळीस माणसं. ती रडत असते बिचारी. एकीकडे धावते तोवर दुसरीकडे कुणीतरी पडतं. आजी सारखी वाजवते. मला आवडतं का हे? दुसरी आया ठेवायला कुठून आणू मी?"

"ते तुम्ही आणि विश्वस्त बघा. दोऱ्या काढून टाका. प्रत्येकाच्या उशाशी बटण बसवा, इथं ऑफिसात घंटी आणि दिवा. आणि रात्रीला दुसरी आया. दोन्ही पाहिजे." इथं थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण भाऊ अजून पुरेसे घाबरलेले दिसेनात, म्हणून त्या पुढे म्हणाल्या, "अहो, वर बांधलेली दोरी आंधळ्यालाही दिसते. दारातून आत आल्या आल्या पकडले जाल."

हे त्यांनी धाक घालायला म्हटलं होतं. भाऊंनी ते सल्ला म्हणून ऐकलं. पैसे सल्ल्याचेच दिले होते ना.

महिन्याभरानं खरी तपासणी ठरली. करारातलं शेवटचं कलम होतं, 'तपासणीच्या दिवशी सोबत', म्हणून बाई सकाळी लवकरच पोचल्या. जिन्याचा कठडा पक्का झाला होता. वर गेल्या तर दोऱ्या गायब, प्रत्येक उशाशी पांढरं स्वच्छ बटण. एका रिकाम्या खाटेजवळचं बटण त्यांनी दाबून पाहिलं. खाली घंटी खणखणली आणि आया पदर खोचत धावत वर आली. बाईंना बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपण अगदीच काही वाया गेलो नाही. तशाच त्या खिडकीजवळच्या खाटेकडे निघाल्या, आणि कबूल करायला हरकत नाही, शाबासकी घ्यायलाच निघाल्या.

आजी वाळली होती. काठी उशाशी नव्हती.

"बोला," ती म्हणाली, मग तिनं ओळखलं. "तुम्ही होय. आलात."

"बघा, बटण बसवून घेतलं की नाही?"

"बसवलंत," आजी म्हणाली. "दिवसा छान वाजतं. रात्री ऑफिसातला खटका बंद करतात. सगळ्यांचंच बंद. मग दाबत बसा सकाळपर्यंत." तिनं बटणावर अंगठा ठेवला आणि उचलला. "दोरी होती तेव्हा काठीनं तरी ओढता यायची. काठीही आता कपाटात ठेवतात. म्हणाले, बटण आहे, काठी कशाला."

बाई तडक खाली ऑफिसात आल्या.

"भाऊ, दुसरी आया?"

"पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये मागितलीय."

"आणि खटका?"

भाऊंनी समोरचा कप बाजूला सारला. चहावर साय धरली होती. "तुम्हीच म्हणालात, दोरी दिसते म्हणून," ते म्हणाले. "खटका दिसत नाही." त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, उर्मटपणाही नव्हता. शिकवलेला धडा विद्यार्थी जसा म्हणून दाखवतो तसं ते बोलले.

बाईंनी पर्स उचलली. घरी जावं, लोण्याला फोन करून सांगावं की मला नाही जमत, असं मनात आलं. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि तपासनीस आत आली. बाई बघतच राहिल्या. खात्यात त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्यांची लाडकी. वयानं सगळ्यांत लहान म्हणून बाई तिला धाकटी म्हणायच्या.

"ताई! तुम्ही इथं?" धाकटीचा चेहरा फुलला. "म्हणजे यांना सल्ला तुमचा? मग मला बघायला काही उरलंच नसेल."

"तू बघ की नीट," बाई म्हणाल्या. "मी शिकवलंय तसं."

हे म्हणताना त्यांच्या मनात एक हिशेब जुळला. आजी तोंडाची फटकळ. धाकटी तिच्याजवळ बसेल, आजी तिला सगळं सांगेल, धाकटी खटका शोधून काढेल. आपण तोंड उघडायला नको, करार मोडायला नको. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. बाईंना एकदम हलकं वाटलं, आणि त्या धाकटीच्या मागोमाग जिना चढल्या. भाऊ त्यांच्या मागे.

धाकटी खिडकीजवळच्या खाटेपाशी आली. खुर्ची सोडून बुटक्या स्टुलावर बसली. चष्मा काढून मांडीवर ठेवला. आजीचा हात हातात घेतला आणि गप्प बसली. बाईंनी शिकवलं होतं त्यात तसूभर फरक नव्हता.

आजी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं मागे उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं, परत धाकटीकडे पाहिलं, आणि हात हळूच सोडवून घेतला.

"मी परत नाही सांगत," ती म्हणाली. "तुमच्याच ऑफिसच्या ना या? यांना सगळं सांगितलंय. अशाच बसल्या होत्या, इथंच. लिहूनही घेतलंय त्यांनी. त्यांना विचारा."

धाकटीनं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती, नुसती उत्सुकता होती. "काय सांगितलं होतं ताई?"

भाऊ दाराशी उभे होते. बाईंना त्यांचा श्वास ऐकू येत होता. कुलूप लागलं तर ही चाळीस माणसं कुठं जातील, हे बाईंच्या मनात आलं. करार आला, लोणी आला, महिन्याचा पगारही आला. ही सगळी कारणं त्यांनी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितली, आणि एकही पुरलं नाही. खरं कारण साधं होतं. खरं बोलायचं तर या पोरीसमोर म्हणावं लागलं असतं की मी तुझ्या जागी बसले, तुझ्यासारखी बसले, सरकार आहे असं हिला वाटू दिलं, आणि हिनं विश्वासानं जे सांगितलं ते हिच्या दाराला कडी घालणाऱ्यांना विकलं. लाज वाटली. म्हातारीपेक्षा स्वतःची लाज मोठी झाली.

"दोरी हाताला पुरत नव्हती त्यांच्या," बाई म्हणाल्या. "म्हणून मग बटणं बसवून घेतली."

एकही शब्द खोटा नव्हता.

"वा," धाकटी म्हणाली. तिनं बटण दाबलं. खाली घंटी वाजली, आया धावत आली. धाकटी हसली. "आणि रात्री, आजी? रात्रीही येतात ना?"

आजी बाईंकडेच बघत होती. तिनं वाट पाहिली. बाईंच्या बाजूनं काही येईल म्हणून तिनं बराच वेळ वाट पाहिली, जशी एके काळी ती कानाला यंत्र लावून पलीकडच्या माणसाची पाहत असेल. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"राँग नंबर लागला होता मला," आजी म्हणाली.

"काय म्हणालात?" धाकटी पुढे वाकली.

"चूक माझी आहे. बोलायला लागण्याआधी विचारायचं असतं, कोण बोलतंय." एवढं म्हणून आजीनं तोंड भिंतीकडे केलं, आणि धाकटीनं आणखी दोनदा विचारलं तरी ती त्या दोघींशी पुन्हा बोलली नाही.

तपासणी संपायला संध्याकाळ झाली. फाटकापर्यंत बाई धाकटीला सोडायला गेल्या.

"सगळं छान आहे ताई. 'उत्तम' देते यांना," धाकटी म्हणाली. "त्या एक आजी तेवढ्या जरा गोंधळलेल्या वाटल्या."

"वय झालंय," बाई म्हणाल्या.

हे मात्र त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"तुम्ही खातं सोडलंत तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं," गाडीत बसता बसता धाकटी म्हणाली. "पण आज वाटलं, बाहेर राहूनही तुम्ही तेच काम करताय."

गाडी गेली. लगेच लोण्याचा फोन आला. भाऊंनी त्याला आधीच कळवलं होतं. याच विश्वस्तांच्या आणखी संस्था आहेत, ते सगळ्या आपल्याकडेच देणार म्हणताहेत, असं तो सांगत होता. "मॅडम, तुमच्यासारखं माप घेणारं दुसरं कुणी नाही," तो म्हणाला. बाई बरं म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात कुठं जायचं तेही त्यांनी विचारून घेतलं.

भाऊ फाटकाशी येऊन थांबले. त्यांना आभार मानायचे होते की आणखी काही म्हणायचं होतं, कुणास ठाऊक. त्यांच्या मागे आश्रमाच्या खिडक्यांत एकेक दिवा लागत होता. रात्रीची आया सायकल ढकलत आत गेली. ती एकटीच होती. आतून घंटी वाजल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं बंद झाला. कुणीतरी वर गेलं असेल, असं बाईंनी मनाशी म्हटलं. वर जाऊन बघून यायला त्यांना कुणाची आडकाठी नव्हती. त्यांनी रिक्षाला हात केला.